शिंगवाल्या माशाचे रिकामे डबे

दौंड,
ता. ८ फेब्रुवारी १९६४

चि. रशीद यास खुर्शिदआपाचा दुवा.

इकडे सर्व खुशाल, असं पहिल्या ओळीत लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. अम्मी जेवत नाही. नजमुन्निसाचं पुढं लिहिते.

समुद्राच्या पाण्याचे तुझे डबे मेलच्या गार्डबरोबर, जयसिंगबरोबर, रिकामे परत पाठवलेत. आता भरून पाठवू नकोस.

लखदीव बेटांच्या बोटीवरून मिळवलेला तुझा तो पिवळा, चौकोनी, कपाळावर दोन शिंगांचा मासा बघायला सगळी गल्ली लोटली होती. लग्नाची बायको, नजमा, मागं ठेवून नवरा तिच्या हाती मासा देऊन जातो, हे त्याहून नवलाचं; ते बघायला मात्र कुणी आलं नाही. मुंबईत खोली मिळाली की नेतो, तोवर याला जप, म्हणालास. तिनं जपला. सुकट भिजवून, बारीक करून घालायची. पाण्यात हवा जावी म्हणून लोट्यानं ते उंचावरून सोडत बसायची. दर आठवड्याला समुद्र दौंडला येत होता. तुला, गोदीतल्या साहेबाला, तेवढी सवड मिळत नव्हती.

मासा मेला, रशीद.

अम्मीनं भीमेवरच्या नकुशी कोळणीकडून जिवंत मरळ आणली आणि तुझ्या माशाच्या काचेच्या पेटीत सोडली. "एकट्या जिवाला करमत न्हाई," म्हणाली, आणि हे म्हणताना बघत होती सुनेकडं. खाऱ्या पाण्यात मरळ तडफडली, काचेवर आपटली. तुझा मासा घाबरला की अंगातून विष सोडतो, हे तूच सांगून गेला होतास. त्यानं सोडलं. त्याच पाण्यात दोघं उलटे तरंगले.

नजमा रडली नाही. पेटी घासून उपडी घातली. जयसिंग पुढचे डबे घेऊन आला, तेव्हा त्याच्या हाती तिनं गुळाच्या पोळ्या ठेवल्या. तिकडं डबे भरून देतो म्हणून तू कळवलेल्या त्या दोस्ताला द्या, म्हणाली, फार त्रास घेतला बिचाऱ्यानं.

जयसिंगनं पोळ्या पुन्हा तिच्यापुढं धरल्या. मग म्हणाला, "वयनी, डबं बाई आणून देती. तुमच्या मालकाच्या खोलीवरनं. कडंवर पोर आस्तंय तिच्या."

म्हणजे खोली मिळाली होती. मुबारक.

नजमानं पोळ्या परत घेतल्या नाहीत. "त्या पोराला द्या," एवढंच म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी शिरूरला माहेरी निघून गेली. तिला खुला हवाय, तलाक तीच मागतेय. तिचे अब्बा मीरासाहेब काझीसाहेबांना बोलावतील. तू जाऊन हो म्हण, आणि तिला मोकळी कर. येताना काही आणू नकोस. जिवंत तर काहीच नको.

पण आधी दौंडला उतर. जयसिंगचं बोलणं अम्मीच्या कानावर गेलेलं नाही. तिला वाटतंय, आपण मासा मारला म्हणून सून रुसून गेली. ताटावर बसते आणि उठते. मी सांगू शकते, पण सांगणार नाही. घर तिच्या मरळीनं मोडलं नाही, हे तिच्यासमोर बसून तू सांगायचंस.

तुझी बहीण, आणि यापुढं आधी नजमाची,
खुर्शिद