वाक्य पहिल्यापासून

मंगळवार, ३ मार्च

माझ्या वर्गाच्या पाटीला खेटून आज एक पिवळा कागद डकवलेला. 'इंग्रजी बदलतंय. आपणही बदलू या. दर बुधवारी दुपारी तीन ते चार, गप्पांचा तास.' खाली सही ग्रंथपालबाईंची. बाई कसल्या — पोर आहे, माझ्या मुलीहून लहान. आणि हा तास म्हणे गेल्या वर्षापासून चालू आहे. मला आज कळतंय.

कागदावर यादी दिलेली. 'हूम' आता कुणी म्हणत नाही. एकाच माणसाबद्दल बोलतानाही बहुवचनातलं 'दे' चालतं. 'लेस' आणि 'फ्यूअर' यात फार अडकू नका. फार अडकू नका! तळपायाची आग मस्तकात गेली.

अकरा वर्षं मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत इंग्रजी शिकवतोय. मंगळवार, शुक्रवार, संध्याकाळी पाच. शिवणकारखान्यातल्या बाया येतात, एक न्हावी येतो, एक कुरिअरवाला येतो. या शहरात दहा भाषांची माणसं. एकमेकांशी बोलायचं तर इंग्रजीच लागतं. मी स्वतः शाळेत गेलो सातवीपर्यंत. बसच्या वर्कशॉपमध्ये भांडार सांभाळत होतो. सुट्या भागांच्या जाड पुस्तकांतून आणि पहिली बारा पानं नसलेल्या एका व्याकरणातून ही भाषा शिकलो. गंजलेला नट सोडवतात तशी, रोज थोडी थोडी. आणि ही पोर सांगते, अडकू नका.

बुधवार, ४ मार्च

कागद अजून तिथेच आहे. मी फाडलेला नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

शुक्रवार, ६ मार्च

आज तिला गाठलंच. पुस्तकांवर शिक्के मारत होती.

म्हणाली, "काका, 'लिटरली' म्हणजे आता नुसतं 'अक्षरशः' राहिलं नाही. लोक जोर द्यायला वापरतात."

"म्हणजे 'मी लिटरली मेलो' म्हणणाऱ्याला उचलून न्यायचं नाही?"

"नाही. पाणी द्यायचं."

ती हसली. मी नाही हसलो. (घरी आल्यावर हसलो, ते वेगळं.)

मग म्हणते, "तुम्ही मराठीत 'टेबल' म्हणता ना? तुमचे आजोबा काय म्हणायचे?"

म्हटलं, "आजोबांकडे टेबलच नव्हतं."

पण तिला जे सांगायचं होतं ते सांगताच आलं नाही, म्हणून इथे लिहितो. ज्यांना भाषा घरातूनच मिळते त्यांना ती मोडायची चैन परवडते. त्यांनी चूक केली की ती फॅशन. आमच्या वर्गातल्या शिवणवालीने तीच चूक केली की काउंटरवरचा माणूस वर न बघता म्हणतो, नेक्स्ट. मी हे भोगलंय. वर्कशॉपमध्ये नवा होतो तेव्हा मॅनेजरसमोर एक वाक्य चुकलो. पुढे सहा महिने तो माणूस डबा खाताना माझ्या आवाजात ते वाक्य म्हणून दाखवायचा. सगळे हसायचे. मीही हसायचो, काय करणार. तेव्हाच ठरवलं होतं की माझ्या तोंडून अर्धं, मोडकं वाक्य पुन्हा बाहेर पडणार नाही.

मंगळवार, १० मार्च

चांगली बातमी! शिवणवालीला बोलावणं आलं. रुग्णवाहिकेच्या फोनघरात. लोक घाबरून फोन करतात, तो उचलायचा, पत्ता घ्यायचा, गाडी पाठवायची. तीन आठवडे अजमावून बघणार, सकाळच्या पाळीत. जमलं तर खुर्ची कायमची, नाही तर परत कारखान्यात. तिचं उजवं मनगट गेलंय. डॉक्टर म्हणालेत, मशीनवर अजून एक वर्ष काढलं तर हात कपही उचलणार नाही.

म्हणजे ही खुर्ची तिला मिळालीच पाहिजे. वर्गात सगळ्यांसमोर म्हटलं, "बाई, तू पाच वर्षं माझ्याकडे शिकतेस. तुझ्यापेक्षा शुद्ध इंग्रजी त्या फोनघरात कुणी बोलत असेल तर मी मिशा काढीन."

न्हावी म्हणाला, "सर, त्या मीच काढणार. फुकट."

माझी पद्धत तिच्या अंगात पुरती भिनलीय. वर्गाचा एकच नियम — वाक्य मध्येच मोडलं, अडखळलं, कुणी मध्ये बोललं, तरी जिथे तुटलं तिथून जोडायचं नाही. पुन्हा पहिल्यापासून घ्यायचं. पहिल्या महिन्यात बाया रडतात. पाचव्या वर्षी वाक्य असं निघतं, जसा इस्त्रीचा सदरा.

शुक्रवार, १३ मार्च

वर्ग सुटल्यावर तिला घरी आणलं. चाळीस कार्डं लिहून दिली. पहिलं — 'काइंडली स्टेट युवर नेम, युवर लोकेशन अँड द नेचर ऑफ द इमर्जन्सी.' काय वाक्य आहे! घासून पुसून ठेवलेल्या भांड्यासारखं.

सराव केला. मी फोन करणारा. पेशंट हवा म्हणून आमच्या हिला, बायकोला, बोलावलं.

ही म्हणाली, "मी नुसती कण्हेन. कण्हायला व्याकरण लागत नाही."

आणि सोफ्यावर पडून अशी कण्हायला लागली की खालची शेजारीण विचारायला वर आली. तिला समजावून पाठवेपर्यंत शिवणवाली तोंडावर पदर धरून हसत होती. मग मी ओरडलो, चल, हसण्यात वाक्य मोडलं, पहिल्यापासून. तिने घेतलं. मी मुद्दाम मध्ये बोललो. तिने पुन्हा पहिल्यापासून घेतलं. शाबास!

जाताना ही तिला हळूच म्हणत होती, "घाबरलेल्या माणसाला एवढं सगळं ऐकवतं का गं?" मी म्हटलं, तुझा विषय नाही तो. ही इंग्रजीच्या वाटेला कधी गेलीच नाही. रस नाही तिला.

शनिवार, १४ मार्च

वाचनालयात जाहीर वाद झाला. पोरीनेच ठेवला होता. विषय, 'भाषा कुणाची?' चाळीसेक माणसं. ती बरं बोलली, खोटं कशाला लिहू. म्हणाली, भाषा म्हणजे पायवाट, जिथून माणसं जातात तिथे ती होते. मी उठलो. म्हटलं, "वर्कशॉपमध्ये नट थोडा ढिला चालतो असं म्हणणाऱ्याच्या बसमध्ये तुम्ही बसाल का?" टाळ्या! मागून न्हाव्याने शिट्टी मारली. मत घेतलं तेव्हा माझ्या बाजूने तेवीस हात, तिच्या सोळा.

ती येऊन म्हणाली, "काका, जिंकलात. पण नट आणि माणूस एक नाही."

हरलेलं माणूस काहीही बोलतं.

मंगळवार, १७ मार्च

शिवणवाली आली नाही. काल तिचा पहिला दिवस होता. दमली असेल.

शुक्रवार, २० मार्च

आजही नाही. निरोपही नाही. खुर्ची मिळायच्या आधीच मास्तर विसरली. राग आला, लपवत नाही. पाच वर्षं घासलं तिला.

शनिवार, २१ मार्च

आज दुपारी ती घरी आली. चपला घालूनच दारात उभी. ही म्हणाली, "आत ये गं," तरी हलेना.

बुधवारची गोष्ट. सकाळी एका माणसाचा फोन आला. त्याची आई न्हाणीघरात पडली होती, बोलत नव्हती. शिवणवालीने पहिलं कार्ड घेतलं. तो मध्येच ओरडला. तिने पुन्हा पहिल्यापासून घेतलं. तो पत्ताच सांगत होता, पण तिचं वाक्य अर्ध्यावर होतं. तिने पुन्हा पहिल्यापासून घेतलं. तीनदा. त्याने फोन आपटला, पुन्हा लावला, तेव्हा तो फोन शेजारच्या खुर्चीवर गेला. तिथल्या मुलीने नुसतं 'वेअर?' विचारलं आणि गाडी निघाली. म्हातारी वाचली, एवढं नशीब.

साहेबाने ते रेकॉर्डिंग सगळ्या नव्या लोकांना ऐकवलं. असं करू नका म्हणून.

मी विचारलं, "मग तू काय म्हणालीस त्यांना?"

"काही नाही सर. पण रेकॉर्डिंगमध्ये माझं वाक्य तीनदा ऐकू येतं. स्पष्ट. एकही चूक नाही."

आणि म्हणाली, "रागावू नका. मी मोडू नाही दिलं."

उरलेले दोन आठवडे तिला देणार आहेत. मग निकाल.

रविवार, २२ मार्च

सगळ्यांचा राग येतोय. त्या साहेबाचा — माणसाचं हसं करायला रेकॉर्डिंग वाजवतो? फोन करणाऱ्याचा. त्याला दोन क्षण ऐकून घेता आलं नसतं? पोरीचा, तिच्या पिवळ्या कागदाचा. शिवणवालीचा — अक्कल गहाण ठेवली होती का, समोर आई पडलीय माणसाची!

एवढं लिहून झालं. उरला कोण ते या वहीला सांगायला नको.

लिहितोच. मी. पाच वर्षं मीच तिचं डोकं माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवलं. आणि डबा खाताना हसणारा तो मॅनेजर, त्याची भीती मी या बायांच्या घशात कोंबली. त्यांना तर तो कधी भेटलाही नव्हता.

सोमवार, २३ मार्च

ही म्हणाली, "तिला त्या पोरीकडे पाठवा."

मी म्हटलं, मेलो तरी नाही.

"लिटरली?" असं म्हणाली. हा शब्द हिने कुठे ऐकला कोण जाणे. मीच बडबडत असतो दिवसभर, त्यातूनच असेल. भांडलो हिच्याशी. ताट तसंच ठेवून उठलो.

बुधवार, २५ मार्च

शिवणवालीची पाळी दोनला सुटते. ही म्हणाली, "मीच सोडून येते तिला वाचनालयात. तुमचं नाक इथेच घरी ठेवा, सांभाळून." गेली. मी काही बोललो नाही. न बोलणं म्हणजे हो, हे हिला चाळीस वर्षांपासून माहीत आहे.

दोघी साडेपाचला सुटल्या. बुधवारचा तास संपल्यावर पोरीने तिला वेगळा वेळ दिला म्हणे, आणि रोज ये म्हणाली; सोबतीला ही जाणार. मी विचारलं, काय शिकवलं? ही म्हणाली, "ऐकायला."

शुक्रवार, २७ मार्च

वर्गात सांगितलं — आजपासून नियम बंद. तुटलं तर तिथून जोडा.

सगळे एकमेकांकडे बघत बसले. कुरिअरवाल्याला वाटलं मी आजारी आहे. न्हाव्याने एक वाक्य बोलताना तीन चुका केल्या. मी ओठ मिटून घेतले, टेबलाची कड घट्ट धरून ठेवली. वाक्य संपेपर्यंत घामाघूम झालो. पण काय गंमत सांगू — तो त्याच्या बापाबद्दल सांगत होता. बापाचा हात थरथरायला लागल्यावर वस्तरा ह्याच्या हातात कसा आला ते. तीन वर्षं येतोय, हे कधी सांगितलं नव्हतं. तिथवर आम्ही कधी पोचलोच नव्हतो. दुसऱ्याच शब्दाला मी त्याला परत पाठवायचो.

राग अजून आहेच. पिवळ्या कागदाशी मी अजूनही सहमत नाही. 'फ्यूअर' तो 'फ्यूअर'.

गुरुवार, २ एप्रिल

वर्तमानपत्रात पहिल्या पानावर 'लेस पीपल'. माणसं मोजता येतात, तिथे 'फ्यूअर' हवं. लाल पेन्सिल उचलली, खूण केली. बरं वाटलं. निकाल परवा आहे. शिवणवालीला कमी झोप लागते की मला, सांगता येत नाही.

सोमवार, ६ एप्रिल

तिला खुर्ची मिळाली. कायमची.

पेढे घेऊन आली तेव्हा ही बाजारात गेली होती. मी म्हटलं, श्रेय त्या पोरीचं, मी तिला जाऊन तसं सांगेन. म्हणाली, "ताईंचं आहेच सर. पण सराव काकूंनी करून घेतला. रोज दोन तास. काकू फोन करणारी व्हायच्या. काय बोलायच्या! रडत, ओरडत, पत्ता विसरत, मध्येच शिव्या देत. सगळं इंग्रजीतून. फोनघरात एकही फोन काकूंइतका अवघड आला नाही."

म्हटलं, आमची ही?

"म्हणजे काय. काकू गेल्या वर्षापासून येतात बुधवारी. पहिल्या बाकावर बसतात. तुम्हाला नाही माहीत?"

बुधवारी दुपारी मी झोपलेला असतो.

शिवणवाली गेल्यापासून एकच आठवतंय. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी कामावरून आलो आणि ही दारातच मला इंग्रजीतून काहीतरी म्हणाली. स्वतः जुळवलेलं वाक्य. मी खूश होऊन दुरुस्त केलं. म्हटलं, पहिल्यापासून. तिने घेतलं. पुन्हा म्हटलं, पहिल्यापासून. तिसऱ्यांदा घेतलं. चौथ्यांदा ती न बोलता आत गेली. मला वाटलं, दूध उतू जात असेल.