पाहुण्यांनी क्लब पाहिला

कळंब,
१४ मार्च २००९

तीर्थस्वरूप संपतराव दाजींना, आणि पाकीट फुटायच्या आत ते त्यांच्या हातून ओढून घेणाऱ्या आमच्या ताईला, गोरखचा दोन्ही हात जोडून दंडवत.

पत्र कसं आलं म्हणून दचकू नका, कुणी आजारी नाही. आईचे गुडघे सोडले तर इकडे सगळं ठीक आहे. तुमच्या खोकल्याला उतार पडला का? आईने अडुळशाची पानं वाळवून ठेवलीत, कुणी खोडदकडे येणारं भेटलं की पाठवते. तुम्हाला नोकरीवर त्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनांच्या आवारात मोबाईल बंद ठेवावा लागतो आणि घरी तो ताईच्या ताब्यात असतो, म्हणून कागदावर लिहितोय. (फोनवर हे बोलणं जमलंही नसतं. आमच्या घरात भिंतीला कान नाहीत, थेट आईच आहे.)

मी सुट्टीवर आलोय, असं आईने गावभर सांगून ठेवलंय. सुट्टी लांबत चालली तसं लोकांच्या तोंडावरचं कौतुक पातळ होत चाललंय. माझा पाय तर एका जागी ठरत नाही. सकाळी उठून नदीपर्यंत जातो, तिथून काही न करता परत येतो, चहा पितो, हायवेला जाऊन नाशिककडे जाणाऱ्या गाड्या बघतो, मग पुण्याकडे जाणाऱ्या बघतो, की पुन्हा चहा. वर्षानुवर्षं उभं राहून पोट भरलेल्या माणसाला बस म्हणणं म्हणजे शर्यतीच्या बैलाला गोठ्यात बांधून ठेवणं. बसवत नाही म्हणून दारात उभा राहतो, हाताची घडी घालून, नुसता सवयीने. परवा सावळेराम नाना फवारणीचा पंप मागायला आले, तर माझा हात आपोआप आडवा झाला आणि तोंडातून निघून गेलं, "एकट्याला प्रवेश नाही." नाना मुकाट्याने माघारी गेले आणि बायकोला घेऊन आले. (पंप दिला. तो नादुरुस्त निघाला, त्याचंही खापर माझ्यावरच फुटलं.)

माझी नोकरी नेमकी काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. सोयरीक जमवताना 'मोठ्या हॉटेलात सुरक्षा अधिकारी' हे बारसं तुम्हीच केलंत, म्हणून तुमच्यापाशी मोकळं बोलतो. पणजीजवळच्या त्या क्लबात लोक पैसे मोजून आत जातात आणि कान बधिर करून बाहेर येतात. कुणाला आत सोडायचं आणि कुणाला नाही (जोडीदार नसलेल्या पुरुषाला नाही), एवढंच माझं काम. आपल्याकडे अंधार पडला की उसाच्या कडेने बिबट्या तेवढा फिरतो. तिथे अंधार पडल्यावर लोक आंघोळीला जातात. तर गेल्या दिवाळीच्या आधी अमेरिकेत कुठलीशी बँक बुडाली. अमेरिकेत बँक बुडाली तर गोव्यात ग्लासातला बर्फ का कमी व्हावा, हे मला कुणी समजावून सांगितलं नाही, पण झाला. आधी गोऱ्यांची विमानं कमी झाली. त्यात नोव्हेंबरात मुंबईला ते भयंकर घडलं आणि उरलेसुरले पाहुणेही घरी बसले. मग गाणी लावणाऱ्यालाच दिवे सांभाळायला लावले (तो दोन्ही विसरायचा). संडासात परदेशी अत्तराऐवजी उदबत्ती आली. बाटल्या हवेत उडवून झेलणारा एक पोरगा होता, त्याला मालकांनी सांगितलं, बाबा, बाटली खालीच ठेव, फुटली तर भरून कोण देणार? तो बिचारा रिकामे हात झेलत उभा राहायचा.

मालक माणूस वाईट नाही, फक्त घाबरलेला होता. त्यांचं म्हणणं, गर्दी दिसली की गर्दी येते. म्हणून शेजारच्या गॅरेजात दुरुस्तीला आलेल्या भारी भारी गाड्या रोज संध्याकाळी आमच्या दारात आणून लावायचं ठरलं. दुरुस्तीला आलेल्या, म्हणजे बंद. त्या ढकलणार कोण? कळंबच्या तालमीत कमावलेलं अंग शेवटी त्या कामी आलं. तेवढ्यानेही भागेना, म्हणून आमच्याच वेटरांनी साधे कपडे घालून बाहेर रांगेत उभं राहायचं आणि मी त्यांना अडवायचं. आत चिटपाखरू नाही, बाहेर रांग, आणि मध्ये मी. एका वेटरला मी रोजच अडवत होतो, तर तो एके दिवशी खरोखर चिडला. म्हणाला, सगळ्यांमध्ये मीच काय वाईट दिसतो तुला? त्याची समजूत घालता घालता पुरेवाट झाली.

आणि नेमका त्याच दिवसांत आईचा फोन, की सोयरिकीचे, अवसरी खुर्दचे पाहुणे गोव्याला निघालेत. तुमची ड्यूटी होती म्हणून तुम्ही आला नाहीत, ते बरं की वाईट, पुढे वाचून ठरवा. रिवाज आपलाच आहे, मुलगी द्यायची तर आधी घर बघायचं. कांचनच्या वडिलांनी, चांगदेव अण्णांनी, आमचं घर बघितलं होतं, विहीर, गोठा आणि आईचा स्वभाव, तिन्ही. आता म्हणाले, पोरगा जिथं भाकरी कमावतो ते घरही बघून घेऊ. सुमो भरून निघाले: अण्णा, कांचनची आई सोनीबाई, मामा आणि भावकीतले टोपीवाले. अण्णांनी रिकामा क्लब बघितला तर सोयरीक गेली. आणि दाजी, कांचन मला मनापासून आवडलीय. (ताई, हे मोठ्याने वाचू नकोस.) मग मी डोकं चालवलं. मालकांना सांगितलं, आमच्याकडचे द्राक्षं परदेशी पाठवणारे बागायतदार येताहेत, फुकट आत सोडा, तेवढीच गर्दी दिसेल. अण्णांना सांगितलं, मालकांनी तुम्हाला मानाने बोलावलंय. दोन्ही पार्ट्या खूश झाल्या आणि मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

क्लबात माणसं येतात रात्री उशिरा. आमचे पाहुणे दिवेलागणीला हजर, कारण जेवून वेळेवर झोपायचं होतं. दारावर पाटी आहे, चप्पल घालून येणाऱ्याला प्रवेश नाही. त्या पाटीवरून मी भलीभली माणसं परत धाडलीत. पाहुण्यांनी पाटी न वाचताच वहाणा बाहेर काढल्या, ओळीने लावल्या आणि अनवाणी आत निघाले. नियमात बोट ठेवायला जागा नाही. जाता जाता अण्णांची नजर रांगेवर गेली. "ही मानसं का वं उभी हायती?" मी म्हटलं, आत जायचंय त्यांना. "मग जाऊ द्या की! दारात आल्यालं मानूस असं ताटकळत ठिवत्यात व्हय?" असं म्हणून एकेका वेटरचा दंड धरून, या पावणं, बसा पावणं, करत त्यांनी सगळी रांग आत नेली. होणाऱ्या सासऱ्याला कसं अडवायचं, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. वेटर पाहुण्यांच्या मांडीला मांडी लावून बसले, त्यामुळे काय हवं-नको विचारायला कुणी उरलंच नाही. अण्णांनी चहा सांगितला. त्या क्लबात जगातली हरएक दारू होती, चहा तेवढा नव्हता. शेवटी आचाऱ्याने स्वतःची पत्ती काढली. सोनीबाई छताकडे बघून काळजीत पडल्या. "वायरिंग बगून घ्या वं, लाईट सारखी येतिया अन् जातिया." दिव्यावरच्या माणसाने घाबरून सगळे दिवे लख्ख लावून टाकले, तेव्हा मलाही पहिल्यांदाच कळलं की भिंतींना रंग नाही. त्या संध्याकाळचं एकुलतं एक खरं गिऱ्हाईक, दिल्लीकडचं एक जोडपं, दारातल्या वहाणा बघून आत कुणाच्या घरचं कार्य आहे असं समजलं आणि माफी मागून निघून गेलं.

मग मालक आले, द्राक्षवाल्यांना भेटायला. अण्णांनी त्यांना शेजारी बसवून घेतलं. "शेट, राग नगा मानू. जागा लई भारी हाय. पर दारात असला पैलवान उभा करून मानसं अडवल्यावर येनार कोन? आमच्यात बी गावजेवनाला दारात मानूस उभा करत्यात, पर त्यो या म्हनायला. दरवाजा मोकळा करा, मग बगा." मी मागून खोकलो, डोळे वटारले, एक खुर्चीसुद्धा पाडली. अण्णांनी वळून बघितलं, आणि पुन्हा मालकांकडे तोंड केलं. बुडत्याला काडीचा आधार! एवढा मोठा व्यापारी सांगतोय म्हटल्यावर मालकांचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी प्रवेशाचे पैसे बंद, पाटी खाली, दार सताड उघडं, आणि दारावरच्या माणसाला सीझन येईपर्यंत सुट्टी.

आता माझी कोंडी बघा. ज्या माणसाच्या शब्दाने माझी नोकरी गेली, तोच अवसरीत पारावर बसून सांगतोय की जावयाच्या मालकाला मी अक्कल शिकवली. नोकरी गेल्याचं सांगावं, तर सोयरीक मोडायची भीती. कुणामुळे गेली ते सांगावं, तर म्हातारा माणूस शरमेने मान वर करणार नाही. अखितीच्या मुहूर्ताच्या आत साखरपुडा उरकायचाय म्हणून आई घाई करतेय, आणि तिकडून विचारणा आली की मी खळ्यातून मागच्या मागे पळतो. अंगाला नुसती वाळवी लागल्यागत झालंय. गाववाले विचारतात, कधी निघणार? मी म्हणतो, निघालोच, आणि नदीपर्यंत जाऊन येतो.

बाकी क्षेम. ताईला सांगा, आई तिची वाट बघते.

आपला, एका जागी न टिकणारा मेहुणा,
गोरख

ता. क. वरचं सगळं लिहायचं कारण एवढंच, की तुम्ही मध्यस्थ आहात. अण्णांना तुम्हीच सांगा. नोकरी गेली म्हणा, पण कशाने गेली ते बोलू नका. सगळं मंदीवर घाला. मंदी काही भांडायला येत नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. आत्ता कांचनचा फोन येऊन गेला. अण्णांना सगळं ठाऊक आहे! परतताना गाडीत ते सोनीबाईंना म्हणाले म्हणे, "पोरगा गुनी हाय, पर नोकरी पार गोव्यात. एकुलती एक पोर एवढ्या लांब कोन धाडतंय? म्हून केला त्येचा दरवाजा मोकळा." आणि मी इतके दिवस अमेरिकेतल्या बँकेला शिव्या देतोय! दाजी, माझी मंदी अवसरी खुर्दला राहते आणि पांढरी टोपी घालते. कांचन म्हणाली, "तुम्ही स्वतः येऊन सांगताय का, याची अण्णा वाट बघतायत. आणि आता फार दिवस नाही बघणार." राग करावा की पाया पडावं, कळत नाही. जातोय.

ता. क. ३. हे अवसरीहून, अण्णांच्या ओसरीवर बसून. सांगितलं सगळं, द्राक्षांच्या थापेसकट. अण्णांनी टोपी काढून झटकली. मग आत वळून म्हणाले, "पावण्याचं ताट करा." बोलणी पक्की नसताना आपल्यात चहावर भागवतात, ताट करत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. दुसरी भाकरी मोडली, तेवढ्यात गोव्याहून मालकांचा फोन. गर्दी लोटली म्हणे, पण सगळे फुकट नाचतात आणि घरी जाऊन जेवतात. दार परत लावलंय, उद्याच्या उद्या ये. अण्णांनी विचारलं, "कुनाचा व्हता?" मी खरं ते सांगितलं. सोनीबाईंचा हात टोपलीतच थांबला. कांचन आतल्या दारात उभी होती, तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी ताट पुढे केलं आणि म्हटलं, "आणखी एक भाकरी वाढा." दाजी, तुम्ही आता अण्णांशी काही बोलू नका. इकडेच माझ्या नोकरीचं तेवढं बघा.