चावीवालीला माफी

प्रिय बारक्या,

तुझा निरोप मिळाला. तुझ्या कॉम्प्युटरवरच्या खेळाच्या दुसऱ्या भागाचं काम सुरू झालं आणि त्यात चावीवालीला माफी मिळावी असं तुमच्या ऑफिसात ठरलं, हे वाचलं. त्यासाठी तिला पूर्वकथा हवी. ती अशी का झाली हे खेळणाऱ्यांना कळायला हवं. तेव्हा आईच्या शेवटच्या वर्षांबद्दल मी 'मोकळेपणाने, जमेल तेवढं' लिहून पाठवावं. खाली तू एक हसरा चेहराही टाकला आहेस. म्हणजे चावीवाली मीच, हे तू पहिल्यांदा मान्य केलंस. बरं झालं. लिहिते. मोकळेपणाने, जमेल तेवढं.

तुझा खेळ मी पहिल्यांदा पाहिला तो मावसबहिणीकडे. तिने जेवायला बोलावलं होतं. तिचा नवरा सोफ्यावर पाय वर घेऊन खेळत होता. म्हणाला, "या ताई, बसा. तुमच्याच भावाचा गेम. बघा, या सटवीचा आता कसा निकाल लावतो." पडद्यावर समुद्रकाठचं गाव होतं, एक दगडी घर होतं आणि कमरेला चाव्यांचा जुडगा लावलेली एक बाई होती. तिने स्वतःच्या म्हाताऱ्या आईला वरच्या खोलीत कोंडून ठेवलेलं. माणूस समोर आला की ही बाई डावा डोळा मिटून त्याच्याकडे बघते आणि म्हणते, "हं, बोला." चष्म्याच्या दुकानात इतकी वर्षं मी काच उजेडात धरून बघते आहे. डावा डोळा आपोआप मिटतो. आणि गिऱ्हाइकाला मी हेच म्हणते. मावसबहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आधी ती हसली. "अगं बाई, ही तर," एवढं म्हणाली आणि थांबली. नवऱ्याला काही कळलं नाही. तो चावीवालीला कठड्यापर्यंत रेटत घेऊन गेला. "हिला सोडायची नाही. सख्ख्या आईला कोंडते म्हणजे काय." मग आम्ही जेवायला बसलो. भाजीत मीठ कमी आहे का, असं मावसबहीण मला पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

नंतर मी तो स्वतः खेळले. दुपारी दुकान बंद असतं तेव्हा, मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर. माझ्या बोटांना चष्म्याच्या दांडीचा स्क्रू फिरवायची सवय आहे, पळायची नाही. तुझा नायक सारखा भिंतीवर आपटायचा. त्यामुळे मला सगळं सावकाश बघायला मिळालं. शेवटी खेळणाऱ्याला विचारतात, हिचं काय करायचं? समुद्रात ढकला, गावाच्या हवाली करा किंवा तिच्याच कुलपात तिला कोंडा. आपण निवडलं की बाकीच्या लोकांनी काय निवडलं तेही दिसतं. बहुतेकांनी कोंडलं. या लोकांचे वादही मी वाचले. एक म्हणतो, ती सगळ्यात नीच, कारण तिला यातून काही मिळतसुद्धा नाही, निदान चोराला पैसा तरी मिळतो. दुसरा विचारतो, आपण वाईट करतो आहोत हे तिला ठाऊक होतं का, नसेल तर तिला दुष्ट कसं म्हणायचं. त्यावर तिसरा त्याला म्हणतो, तुझ्या आईला कोंडलं की मग विचार. एका मुलीने लिहिलं आहे की हिला एकदा तरी रडताना दाखवलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पूर्वकथेची कल्पना बहुधा तुला इथूनच सुचली. बाई रडली की सुटली. मला या लोकांचा राग नाही. त्यांना जेवढं दाखवलं तेवढ्यावर त्यांनी निकाल दिला. दाखवणारा तू होतास.

तुझ्या खेळात एक गोष्ट आहे. नायक बाहेर गेला की घरातली माणसं थांबतात. मी मुद्दाम करून पाहिलं. चावीवाली जिना चढत होती. मी बाहेर पडले, बंदरावर गेले, कोळ्यांशी बोलले, देवळाला फेरी मारली. परत आले तर ती त्याच पायरीवर होती आणि तोच पाय उचलत होती. नायक नसताना त्या घरात काही घडत नाही. कुणाला भूक लागत नाही. कुणी अंथरूण ओलं करत नाही. म्हातारीचे केस मात्र नेहमी विंचरलेले असतात. ते कोण विंचरतं, हे तू लिहिलेलं नाहीस. आपल्या घराबद्दलही तुझी हीच समजूत होती. तू वर्षातून एकदा यायचास. आईला आंघोळ घालून, वेणी घालून, धुतलेल्या साडीत बसवलेलं असायचं. ती तुला मामा समजायची, पण तुला बघून खुलायची. मग तू दारावरचं कुलूप बघायचास आणि माझ्याकडे बघायचास. तिने गॅस उघडा टाकून खिडक्या लावून घेतल्या ते तू पाहिलं नाहीस. परकरावर रस्ता ओलांडून बसथांब्यावर जाऊन बसली ते पाहिलं नाहीस. मी घरी आणायला गेले तर थांब्यावरच्या लोकांना ती म्हणाली, ही बाई माझ्या ओळखीची नाही. एक माणूस पोलिसांना फोन करायला निघाला होता. त्यानंतर मी कुलूप आणलं. हे तुला मी सांगितलं होतं. तू म्हणालास, "ताई, पण कुलूप? माणसाला?" मी विचारलं, मग काय लावू? तू कॉफीचा कप घेऊन गॅलरीत गेलास.

आता ती शेवटची भेट. तू दोन दिवस राहिलास. दुसऱ्या संध्याकाळी आई तिच्या खोलीचं मागचं दार हलवत होती. लोखंडी जिन्याकडे उघडतं ते. मला घरी जायचंय, मला घरी जायचंय, असं चाललं होतं. घरातच उभी राहून. मला त्याची सवय झाली होती. तुला नव्हती. तू तिचे हात कडीवरून सोडवलेस आणि रडलास. मी रडले नाही. मला कुकर लावायचा होता. रात्री नेहमीप्रमाणे कुलूप लावलं, चावी उशीखाली ठेवली आणि झोपले. पहाटे उठून तुझ्यासाठी पुढचं दार उघडलं. तू पाया पडलास, बॅग उचललीस, गेलास. मागच्या दाराला मी जाता जाता नजर टाकली. कुलूप कडीत होतं. मी दूध तापवायला गेले. मग आवाज झाला. आई जिन्याच्या तळाशी पडलेली होती. वर दार उघडं, आणि कुलूप जमिनीवर. तुटलेलं नाही, नुसतं उघडं. म्हणजे ते कडीत अडकवलेलं होतं, दाबलेलं नव्हतं. तिने दार हलवलं आणि ते निघून पडलं.

तुला फोनवर मी एवढंच म्हणाले की माझ्याकडून दार उघडं राहिलं. तू बराच वेळ बोलला नाहीस. मग म्हणालास, "कोंडायचंच होतं तर नीट तरी कोंडायचंस." हे वाक्य माझ्याकडे आहे. आधी खुब्याचं हाड, मग अंथरूण, मग छातीत कफ. तिला पोचवायला आलास तेव्हा तू चार माणसांत माझ्या शेजारी उभा राहिला नाहीस. मी त्याला हरकत घेतली नाही. तुझा हक्क आहे असं मला वाटलं. मी रोज कुलूप दाबून दोनदा ओढून बघायचे. त्या रात्रीही ओढून बघितल्याचं मला आठवत होतं. पण दाबलेलं कुलूप आपोआप उघडत नाही, तेव्हा माझं आठवणंच खोटं असणार. तू आला होतास, गप्पा झाल्या, त्या नादात राहून गेलं असणार. तेव्हापासून माझा माझ्या हातांवर विश्वास नाही. गिऱ्हाइकाला चष्मा देण्याआधी मी प्रत्येक स्क्रू पुन्हा पुन्हा तपासते. दुकानाचे मालक आधी हसायचे. आता म्हणतात, ताई, तुम्ही घरी बसा थोडे दिवस. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आईसारखंच मलाही होऊ लागलं आहे की काय, हे विचारायला मी डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी बराच वेळ प्रश्न विचारले. मला काही झालेलं नाही म्हणाले. मी त्यांच्यावरही विश्वास ठेवला नाही.

आणि मग तुझा खेळ खेळले. मध्यावर एक भाग आहे. तो तूच लिहिला आहेस, शेवटच्या नावांमध्ये मी पाहिलं. नायक झोपलेल्या चावीवालीच्या उशीखालून चावी काढतो. वरच्या खोलीचं मागचं दार गाठतो. कुलूप उघडतो, पण काढून टाकत नाही. ते परत कडीत अडकवतो आणि दाबत नाही, म्हणजे सकाळी तिने पाहिलं तरी बंदच वाटावं. चावी उशीखाली परत ठेवतो. म्हातारीच्या कपाळाला हात लावतो आणि निघून जातो. चावीवालीला जाग न येता हे जमलं तर संगीत वाजतं. मी तिथे थांबले. मागच्या खोलीत मी किती वेळ बसले होते, मला माहीत नाही. मालकांनी शटर वर केलं तेव्हा उठले. बारक्या, कुलूप अडकवलेलं होतं आणि दाबलेलं नव्हतं, हे मी कधीही कुणालाही सांगितलेलं नाही. मावसबहिणीला नाही, डॉक्टरांना नाही, तुला नाही. तुझ्या खेळात पुढे म्हातारी मोकळी होऊन जिन्यावर येते, आणि मागून चावीवाली येऊन तिला ढकलते. तेवढं तू नव्याने रचलंस. का रचावं लागलं, ते मला कळतं. आईला उजेडात जाता यावं म्हणून तू दार उघडलंस, हेही कळतं. ते मी तुला त्याच दिवशी सोडून दिलं असतं. पण फोनवर माझं वाक्य ऐकून तू गप्प राहिलास, तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं, आणि त्या गप्प राहण्यानंतर तू ते 'नीट तरी कोंडायचंस' बोललास. आता दुसऱ्या भागात तू मला माफ करणार आहेस. पूर्वकथा मागितली होतीस, ती ही. खेळात घाल किंवा नको घालू. लोकांसमोर मांडलीस तर ते पटकन काहीतरी निवडतील, त्यांना पुढच्या खेळाची घाई असते. मी अजून काही ठरवलेलं नाही. ठरवीन तेव्हा कळवीन. तोपर्यंत इकडे येऊ नकोस.

अजून तरी तुझीच,
ताई