साडेआठ मिनिटांची प्रस्तावना

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा नमस्कार. तो वाकून करायचा होता. पण या खोलीत वाकले की कपाटाचे दार पाठीत बसते, तेव्हा पलंगावर बसूनच केला, हे समजून घ्यावे. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? त्यांना सांगा, मी वेळेवर जेवतो (म्हणजे वेळ ठरलेली आहे, जेवणाचे अजून जमायचे आहे).

मागच्या पत्रात तुम्ही विचारले होते, परदेशात तुझ्या वक्तृत्वाचे चीज होते की नाही? फोनवर हा प्रश्न मी तीनदा सर्दीचे निमित्त करून टाळला. कागदावर सर्दी होत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

निघताना माझ्या डोळ्यांसमोर काय होते, ते तुम्हाला ठाऊकच आहे. उंच घुमट, लाकडी पायऱ्यांचे सभागृह, मी उठलो की पटापट उघडणाऱ्या वह्या. ज्याच्या नळाला पाणी नाही त्याला स्वातंत्र्यही नाही, हे मी तिथे ठणकावून सांगणार, आणि जग नाही तरी निदान एखादी नगरपालिका हलणार. (हे मी आजही मानतो, त्यात तसूभर फरक नाही.) प्रत्यक्षात आमचा वर्ग तळघरात भरतो. आठ खुर्च्या, एक टेबल, आणि भिंतीपलीकडे वसतिगृहाची कपडे धुण्याची यंत्रे. माझे सर्वांत पेटलेले वाक्य आले की नेमके पलीकडे कुणाचे तरी मोजे पिळले जातात. ग्रंथालय मात्र कल्पनेपेक्षाही मोठे निघाले. पहिल्याच दिवशी मी एका दमात अकरा पुस्तके मागितली, तर ग्रंथपालाने अगदी नम्रपणे विचारले, "वाचायला नेताय की व्यायामाला?" मी नऊ वाचली. उरलेली दोन खिडकी उघडी राहावी म्हणून लावली आहेत.

सराव खोलीतच करतो. 'अन्याय' म्हणताना उजवा हात वर न्यायचा, ही तुमची शिकवण. इथे हात वर नेला की दिव्याला लागतो; आतापर्यंत दोन बल्ब अन्यायात गेले. शेजारच्या खोलीत भूगोलाचा एक विद्यार्थी राहतो (मी त्याला मनातल्या मनात 'खडक' म्हणतो). तो मधूनमधून भिंतीवर मूठ आपटतो. पहिला आठवडाभर मला वाटले, दाद देतो आहे.

आता मुख्य हकिगत. आमच्या बाई म्हणजे ठेंगणी, करड्या स्वेटरातली मूर्ती. मीठ मागावे तितक्या हळू बोलतात. त्यांच्या वर्गात प्रत्येकाने आपला विषय दहा मिनिटांत मांडायचा असतो, आणि त्यासाठी त्या अंडी उकडायचे घड्याळ चावी देऊन टेबलावर ठेवतात. माझी पाळी आली. मी उभा राहिलो (इथे कुणी उभे राहत नाही, हे नंतर कळले). सुरुवात तुमच्या शिस्तीने, अध्यक्षांना वंदन करून. अध्यक्ष नव्हते, म्हणून बाईंनाच केले, आणि त्यांची ओळख करून दिली, त्यांच्याच तीन पुस्तकांची नावे सांगून. समोरच्या सातही जणांना एकेक विशेषण वाटले. संस्थेच्या संस्थापकांचे स्मरण केले. मग विनय, 'माझा अधिकार तो काय' हे नीट सांगायचे तर दोन मिनिटे हवीतच. हे सगळे साडेआठ मिनिटांत बसवले, पुढचे दीड मिनिट पाण्याच्या थोरवीला दिले, एक घोट घेतला, नजर सावकाश फिरवली आणि म्हणालो, "आता मूळ विषयाकडे वळू या." तेवढ्यात घड्याळ वाजले.

बाई म्हणाल्या, "छान. विषय काय होता?"

टोमणा असता तर मी परतवला असता. पण त्यांना खरेच जाणून घ्यायचे होते.

"सोमवारी पुन्हा मांडा," त्या म्हणाल्या. "दहाच मिनिटे. या वेळी विषयापासून सुरू करा. नाही जमले तर या वर्गात तुम्हाला पुढे नेता येणार नाही."

म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. एक वर्ष वाया गेले की परत यायचे आणि बाबांच्या पाइपच्या दुकानात बसायचे, ही त्यांची अट. "भाषणाने नळाला पाणी येत नाही, खाली पाइप लागतो," असे ते माझे जायचे ठरले त्या दिवशी म्हणाले, आणि त्यांच्यासमोर माझ्या बाजूने तुम्ही एकटे दोन तास बोललात. सोमवारी मी पडलो तर तुमचाही शब्द पडतो. पण काळजी नसावी, तयारी जोरात आहे. मामींना नमस्कार, धाकटीला आशीर्वाद.

तुमचाच,
भाचा

ता.क. पत्राचे कारण लिहायचे राहिलेच. वंदनाशिवाय भाषण सुरू करायला तुमची परवानगी हवी आहे. रोज प्रयत्न करतो. 'पाणी' म्हणायला तोंड उघडतो आणि बाहेर 'सन्माननीय' येते. फोनवर विचारायची छाती झाली नाही.

ता.क. २. पत्र कोटाच्या खिशात राहिले आणि सोमवार होऊन गेला. परवानगी मिळाली असे धरून चाललो. बसून बोललो, हात मांड्यांखाली दाबून. मामा, माझी सगळी तळमळ साडेतीन मिनिटांत संपली. पुढे नुसती टिकटिक. शेवटी कोपऱ्यातल्या एका अबोल मुलीने विचारले, "पण तुमच्या गावात शेवटच्या वस्तीला पाणी पोचत का नाही?" मी 'अन्याय' म्हणणार होतो, पण निघाले भलतेच. म्हटले, मुख्य पाइप चार इंची, चौकापुढे अडीच, शाळेपुढे दीड, आणि शेवटच्या वस्तीला एक इंची, तोही चढावर. मधल्या बंगल्यांनी नळालाच मोटर लावलेली. पेनांची टोपणे एकात एक घालून जोड दाखवले. पाणी सोडणारा माणूस कोणत्या गल्लीत चावीचे किती आटे फिरवतो, तेही सांगितले. (सुट्टीत बाबा मला दुकानात बसवत, तेव्हा मी कान बंद करून वाचत असे, अशी माझी समजूत होती.) घड्याळ वाजले तरी कुणी उठले नाही. बाईंनी ते बंद करून पिशवीत टाकले आणि म्हणाल्या, "हेच लिहा. शंभर पाने." म्हणजे मी राहिलो.

ता.क. ३. आता खरे काम. शंभर पानांसाठी गावातल्या प्रत्येक वस्तीला कोणत्या साली कोणत्या मापाचा पाइप गेला, ते हवे. हे सगळे फक्त बाबांच्या डोक्यात आहे. तुम्ही सहज म्हणून दुकानात जा आणि विचारून घ्या. माझे नाव काढू नका. न्हाणीघराचे काम काढले आहे म्हणा. अकरा वस्त्यांचे पाइप लागतील असे न्हाणीघर कुणी बांधत नाही, हे त्यांना कळेल, पण ते तसे बोलून दाखवणार नाहीत. तेवढी वही मात्र आधीच उघडून बसा. बाबा प्रस्तावना करत नाहीत.