मागच्या खोलीवरचा निबंध

ता. १२, मंगळवार, सकाळ

प्रिय चिमणे,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा पोचलं. हल्ली हाताने पत्र कोण लिहितं? पोस्टमनने ते असा चेहरा करून दिलं, जणू माझ्यावर कुणी खटला भरलाय. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, मी लक्ष देत नाही. वरच्या मजल्यावरच्या बाई रोज येऊन विचारतात, "एकट्याच असता, करमतं का हो?" त्या येईपर्यंत करमतं.

आता तुझा प्रश्न. कॉलेजात इंग्रजीत चांगले मार्क कसे मिळवायचे? गाइड आधी रद्दीत घाल. नेमलेलं पुस्तक म्हणजे पुस्तकच वाचायचं, त्याचा सारांश नाही. प्रश्न तीनदा वाच. निम्मी मुलं न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सुबक अक्षरात लिहून येतात. अर्थ अडला की अंदाज करू नकोस, शब्दकोश उघड. लिहिलेलं मोठ्याने वाच. जीभ अडखळेल तिथे वाक्य मोडकं आहे. शंका वर्गातच विचार, हसणाऱ्यांचे दात मोजू नकोस. आणि कच्चे कागद कधी फाडू नकोस.

हे सगळं चौतीस वर्षं वर्गात सांगितलंय. पण तुला ते नकोच आहे, हे पत्राच्या शेवटी कळलं. आईचं शिवणाचं दुकान बंद केलं त्या दिवसावर तू निबंध लिहिलास, आणि तुमच्या प्राध्यापिकाबाईंनी तो मार्क न देता परत केला. शेरा काय, तर 'हे तुझं वाटत नाही. कॉम्प्युटरकडून लिहून घेतलंस?' आणि तू विषय बदलायचा फॉर्म आणून ठेवलास. मुदत चोवीस तारखेपर्यंत.

बाईंना म्हणावं, शिकवता की चोर पकडता? मुलीला समोर बसवून दोन प्रश्न विचारायला काय झालं होतं? आई जाऊन आठ महिने झालेल्या मुलीने टाचण्यांच्या डबीवर पान भरून लिहिलं, तर ते कॉम्प्युटरला कुठून सुचणार? चांगलं लिहिलंय म्हणजे चोरलंय, हा कुठला न्याय! अशा बाईच्या हातात लाल पेन देणाऱ्यांनाच आधी नापास करायला हवं.

दुपार

जेवले, भांडी घासली, पुन्हा बसले. सकाळचं वाचून पाहिलं. खोडत नाही. त्या बाईंना जे जे म्हटलं, ते मला एकदा कुणीतरी म्हणायला हवं होतं.

तुझ्या आईने कॉलेज का सोडलं, हे तू मला लहानपणी विचारायचीस. मी म्हणायचे, तिचं मन रमलं नाही. ती शेजारीच बसलेली असायची. सुईत दोरा ओवत राहायची, पण मला कधी खोटं पाडलं नाही.

मी तेवीस वर्षांची, नुकतीच नोकरीला लागलेली. ती माझ्याच वर्गात, पहिल्या वर्षाला. स्टाफरूममध्ये रोज टोमणा: "काय, बहिणीचा पहिला नंबर नक्की ना?" मी मनात ठरवलं होतं, हिला मी अर्धा मार्कही वाढवून देणार नाही. मी कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात वाढलेली, ती गावातल्या मराठी शाळेत. हिला इंग्रजी ते कितीसं येणार, असंही वाटायचं.

निबंधाचा विषय होता, 'आमच्या घरातली एक खोली'. तिने मागच्या खोलीवर लिहिलं. खाटेवर आजारी आई, म्हणजे तुझी आजी. मनगटावरचं घड्याळ इतकं सैल झालेलं की कोपरापर्यंत सरकायचं. चालता येत नव्हतं, तरी रोज चपला खाटेशी दाराकडे तोंड करून ठेवायला लावायची. मोठी आली की उठून जाता यावं म्हणून. निबंध आज माझ्याकडे नाही, पण मला पाठ आहे.

माझ्या आठवणीत मागच्या खोलीत ट्रंका आणि मोडक्या खुर्च्या. खाट मी पाहिलीच नव्हती. बोर्डिंगातून मी घरी पोचले तेव्हा आई गेलेली होती, खोली आवरून झाली होती. साठ मुलांसमोर मी तिला उभं केलं. म्हटलं, "कुठून उतरवलंस? आमच्या घरात अशी खोली नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत?" आणि शून्य दिलं.

ती एवढंच म्हणाली, "मॅडम, तुम्ही तेव्हा नव्हतात."

घरी ती मला ताई म्हणायची. दुसऱ्या दिवसापासून ती कॉलेजला गेली नाही. त्या संध्याकाळी स्टाफरूममध्ये माझ्या निःपक्षपातीपणाचं कौतुक झालं, आणि मला ते आवडलं.

पुढे चाळीस वर्षं आम्ही बोललो. माझे ब्लाउज तीच शिवायची. त्या निबंधाबद्दल मात्र एक शब्द नाही. मी 'चुकले' म्हणायला तिच्या दुकानात तीनदा गेले, आणि तीनदा माप देऊन परत आले.

ती गेल्यावर तुझ्या बाबांनी मला एक पत्र्याचा डबा दिला. "ताई, तुमचीच पत्रं आहेत." आठ महिने उघडला नाही. परवा तुझं पत्र वाचलं आणि उघडला.

बोर्डिंगमधून मी घरी लिहिलेली पत्रं. नन्स तपासायच्या, म्हणून इंग्रजीतच लिहावी लागायची. आईला इंग्रजी येत नव्हतं. ती पत्रं वाचून दाखवायची कामगिरी दहा वर्षांच्या तुझ्या आईवर. प्रत्येक शब्दावर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलाय, शब्दकोशातून शोधून. खोडून पुन्हा लिहिलेलाही दिसतो. माझी बहीण इंग्रजी शिकली ती अशी, माझ्या पत्रांतून. आणि मी विचारलं, कुठून उतरवलंस!

शेवटच्या पत्रात मी लिहिलंय, की सुट्टीत येत नाही, नाटकात माझं मोठं काम आहे. त्या ओळीतल्या शब्दांवर अर्थ नाहीत. वर पेन्सिलीने एकच वाक्य आहे: 'आई, मला तुझी आठवण येते, मी लवकर येते.'

तिने आईला तेच वाचून दाखवलं असणार. चपला म्हणून दाराकडे तोंड करून.

ते पत्र सोबत पाठवते आहे. तुझ्याकडे असू दे.

फॉर्म भरू नकोस. मी बावीस तारखेला सकाळच्या बसने येते आहे. तुझे कच्चे कागद, खाडाखोडीसकट, घेऊन ठेव. बाईंच्या दारात उभी राहून म्हण, "मॅडम, यातलं काहीही विचारा." बोलायचं तू. मी बाहेर बाकावर बसेन, आणि माझं तोंड तुला ठाऊक आहे, तरी बंद ठेवेन. बाईंनी ऐकलं नाही, तरी घरी जाताना तू एकटी नसशील.

या वेळी खरंच येते आहे.

तुझी,
तेव्हा नसलेली
मावशी