खिळा बरोबर होता

अब्बा, परवा कुरखेड्याला गेले होते. तिथल्या जनावरांच्या दवाखान्यासमोर घोडे-गाढवं पाळणाऱ्यांना बोलावलं होतं, पावसाळ्याआधी काय काय जपायचं ते सांगायला, आणि सांगणारी कोण, तर तुमची मुलगी. हसू नका. डॉक्टरांनी धनुर्वाताच्या सुया टोचल्या, जंताचं औषध पाजलं आणि खुरांचं बोलायला मला उभं केलं. माइक दोनदा बंद पडला, तेव्हा तो बाजूला ठेवला आणि टांग्याच्या अड्ड्यावर तुम्ही लावायचे तसा आवाज लावला. शेवटच्या गाढवापर्यंत पोचला. घरी आल्यापासून मात्र जिवाला चैन नाही, म्हणून हे लिहायला बसले. घरात आपण हिंदीच बोलायचो, पण शाळेनं मला नीट लिहायला शिकवली ती मराठी, आणि तुम्हीही आपल्या घोडीशी मराठीतच बोलायचे. "चाल गं माय, काऊन रुसून राह्यली?" असं तिला म्हणायचे. अम्मी चुलीजवळून ऐकायची आणि म्हणायची, घोडी के लिए इतनी मीठी मराठी, और मेरे लिए सिर्फ 'चाय लाओ'.

मी तिथं जे सांगितलं ते सगळं तुमचंच होतं, फक्त तुमचं नाव घेतलं नाही. चंद्रपूरचा उन्हाळा माणसाला सोसत नाही तर घोड्याला कुठून सोसणार, म्हणून वैशाखात सकाळी दहानंतर घोडी सावलीतून काढायची नाही, पाठीवर ओलं गोणपाट, आणि पाण्यात चिमूटभर मीठ नि गुळाचा खडा. तुमची बोलणी मी खाल्ली ती उन्हाळ्यातच. मी नववीत होते. दुपारी घोडी वरातीचं सामान पोचवून आली, अंगातून वाफा निघत होत्या, मला दया आली आणि मी माठातलं गार पाणी बादलीभर तिच्या पाठीवर ओतलं. तुम्ही धावत आले. "तापल्या तव्यावर पाणी टाकून राह्यली काय? आधी पाय भिजव, मग पोट, मग मान. तिले सांगून सांगून गार कर." त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही आले ते जिलेबीचा पुडा घेऊन, त्यातली पहिली घोडीला दिली, दुसरी मला. घोड्याला जिलेबी देऊ नये असं मी आता लोकांना ठणकावून सांगते. तेवढ्या बाबतीत तुम्ही चुकलेच होते.

पावसाळ्याचं सांगायला लागले तेव्हा सगळे नीट ऐकायला लागले, कारण पावसाळ्यातच सगळ्यांचे हाल होतात. कोवळं गवत दिसलं म्हणून जनावर मोकळं सोडायचं नाही, पोट फुगतं. आधी वाळला चारा, मग मूठभर हिरवा. संध्याकाळी कडुलिंबाचा धूर करायचा, घोडमाशी चावली की सर्र्याचा ताप येतो. उभं राहायची जागा कोरडी, राख टाकलेली. आणि रोज दिवस मावळायच्या आत चारी पाय उचलून खूर खरवडायचा आणि नाक लावून हुंगायचा. पुढं बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. आपल्याही गल्लीत हसायचे, नालबंद घोड्याच्या पायाची पापी घेतो म्हणायचे. तुम्ही म्हणायचे, "हुंगून घ्या भाऊ, सडलेलं आधी नाकाले समजते, डोळ्याले मागून." मी तेच वाक्य तसंच फेकलं, आणि हसणाऱ्यांतल्या एकीनं घरी जाऊन करून पाहीन म्हटलं.

मग एक बग्गीवाला उठला. वरातीची पांढरी घोडी घेऊन आला होता, ती पुढचा उजवा पाय टेकत नव्हती. चारी खूर सोनेरी. मला ते लांबूनच दिसलं होतं आणि मी मुद्दाम दुसरीकडे पाहत होते. तो म्हणाला, "बाई, नालवाल्यानं खिळा जिवंत मांसात ठोकला. दोन वर्षांपासून त्याच्याकडूनच नाल मारून राह्यलो, आता त्याले दारात उभं नाई करणार." मी खाली बसले, पाय मांडीवर घेतला, चाकूनं तळव्यावरचा रंग खरवडला. रंगाखाली चिखल, चिखलाखाली काळं पाणी, आणि तो वास. खिळा पाहिला, अगदी जिथं हवा तिथं होता. मी त्याला म्हटलं, नालवाल्याची काही चूक नाही, भाऊ. तुमच्या रंगानं खुराचं तोंड बंद झालं, आतल्या आत सडलं. त्याच्याकडं जा आणि त्याची माफी मागा. तो म्हणाला, "तुमाले कसं मालूम?" मी म्हटलं, मला माहीत आहे. पाय खाली ठेवला आणि झाडाच्या सावलीत जाऊन बसले. डॉक्टरांनी पाणी आणून दिलं, त्यांना वाटलं ऊन लागलं.

कधीही न पाहिलेल्या नालवाल्याची बाजू मी चारचौघांत घेतली, अब्बा. तुमची आजवर घेतली नाही.

आपली घोडी लंगडली त्या वर्षीचं सांगते. चातुर्मासाआधीचा शेवटचा मुहूर्त होता, ऊर्जानगरच्या क्वार्टरमधली वरात, आणि तुम्ही तापानं फणफणलेले. घोडीला आठ दिवसांपूर्वीच तुम्ही नवे नाल मारले होते. खाटेवरून मला सांगितलं, "खूर नीट खरवड, सुकू दे, मग मेंदी लाव. घाई नको करू." मेंदी तुम्ही दर लग्नाला लावायचे, शोभा होते आणि खूर गार राहतो म्हणायचे. मी एकोणीस वर्षांची. मला त्या मेंदीची लाज वाटायची. दुसऱ्या बग्गीवाल्यांच्या घोड्या सोनेरी खुरांनी चमकत जायच्या आणि आपली बिचारी विटकरी पायांची. बग्गीच्या दांड्यांना मारायचा सोनेरी ऑइलपेंट उरला होता. मी तो खुरांना फासला. आणि हौस बघा, वरून लावून पोट भरलं नाही, खालून तळव्यालाही लावला, नालाच्या आत, खिळ्यांच्या कडेनं, दोन-दोन हात. घोडी पाय उचलेल तेव्हा मागच्या वऱ्हाडाला सोनं दिसावं म्हणून. खरवडायचं ते वरवर खरवडलं होतं. सुकू द्यायला वेळ कुणाला होता. मामू घोडी घेऊन गेले, वरात चिखलातून गेली, आणि लोकांनी खरंच विचारलं म्हणे, ही कुणाची घोडी. मी दिवसभर हवेत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही उठायच्या आत रॉकेलच्या फडक्यानं वरचा रंग पुसून काढला, बोलणी बसतील म्हणून. खालचा राहिला. खाली कोण बघतं, असं वाटलं.

तुम्ही बघायचे, रोज. पण ताप उतरला तरी महिनाभर तुम्हाला वाकवत नव्हतं, आणि खूर खरवडायचं नि हुंगायचं काम माझ्याकडे होतं. खरं सांगते, मी हुंगलं नाही. बारा दिवसांनी घोडी लंगडायला लागली. तुम्ही भिंत धरून बाहेर आले, मी पाय धरला, तुम्ही नाल उपसला, चाकू फिरवला आणि तिसऱ्या खिळ्याच्या वाटेनं काळं पाणी आलं. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. चाकूच्या पात्यावर सोनेरी कपची चिकटलेली तुम्हाला दिसली नाही, मला दिसली. मी ती ओढणीनं पुसली. तुम्ही जमिनीवर बसले आणि म्हणाले, "माझाच खिळा चुकला. चाळीस वर्सात पहिल्यांदा हात चुकला गं." मी म्हटलं, होते कधी कधी. एवढंच म्हटलं. मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवून ठेवणं, कडुलिंबाच्या पाल्याचा लेप, गोणपाटाचा बूट शिवून घालणं, सगळं मी दोन महिने केलं, दवाखान्यातून सुई पण टोचून आणली, आणि घोडी बरी झाली. दिवाळीनंतर पहिल्या वरातीला नाचली सुद्धा. घोडी बरी झाली म्हणून गोष्ट संपली असं मी धरून चालले. पण तुम्ही त्यानंतर नाल मारला नाही.

हातोडी, पक्कड, कानस, चाकू, सगळं तुम्ही माझ्यासमोर कापडावर मांडलं. "आता तू कर. माझ्या हाताचा भरवसा नाई राह्यला." मोहल्ल्यात काय कमी बोलले लोक? पोरीच्या जातीनं घोड्याचा पाय धरावा काय, म्हणाले. तुम्ही एकाच वाक्यात सगळ्यांना गप्प केलं, "घोड्याले कुठी मालूम हाय, हात पोरीचा हाय का पोराचा." मग स्टूल टाकून माझ्या शेजारी बसायचे आणि मी ठोकताना नुसत्या आवाजावरून सांगायचे, खिळा सरळ चालला की आत वळला. नवं गिऱ्हाईक आलं की आपणहोऊन त्याला सांगायचे, "माझ्या खिळ्यानं माझीच घोडी लंगडली होती, म्हणून आता पोरगी करते." काय गरज होती? कुणी विचारलं नव्हतं. पण तुमचं इमान तसं, स्वतःची चूक आधी दारावर टांगायची. दर वेळी ते वाक्य आलं की मी कानस जोरात घासायची, म्हणजे ऐकू येऊ नये. तुम्ही सात वर्षं ते सांगितलं, आणि तेच सोबत घेऊन गेले.

एक गोष्ट तुम्हीच मला पुढं शिकवली. खिळा जिवंत भागात गेला तर घोडा नाल मारल्यापासून दोन-तीन दिवसांत लंगडतो, आपल्या घोडीसारखा वीस दिवस थांबत नाही. ते शिकवताना तुम्हाला स्वतःचा हिशेब कसा लागला नाही, याचं मला नवल वाटतं. माझ्या नवऱ्याला हे सगळं पहिल्यांदा काल सांगितलं, तर तो म्हणाला, अब्बांना कळलंच असणार, तुझ्यासाठी गप्प राहिले असतील. मानायला बरं वाटतं. पण तुम्ही तसे नव्हते. तुम्हाला कळलं असतं तर अड्ड्यापासून मशिदीपर्यंत बोंब झाली असती, आणि दुसऱ्या दिवशी जिलेबी आली असती. तुम्हाला कळलं नव्हतं. तुमचा हात शेवटपर्यंत चांगला होता आणि तो वाईट आहे असं समजून तुम्ही तो मांडीवर ठेवून बसले.

म्हणून आता लिहून ठेवते. खिळा बरोबर होता, अब्बा. नाल बरोबर होता, खूर तासणं बरोबर होतं. चूक माझी होती, रंगाची आणि न हुंगण्याची.

आजवर मी स्वतःला सांगत आले की तुमच्या भीतीनं गप्प राहिले. तुमची कसली भीती, तुम्ही आयुष्यात माझ्यावर हात उगारला नाही. खरं हे आहे की मी पाय धरून धरून कंटाळले होते. चौदाव्या वर्षापासून मी पाय धरत होते आणि तुम्ही ठोकत होते, आणि तुमचा हात चालू असता तर तुम्ही मला जन्मभर पाय धरायलाच ठेवलं असतं, मग कुणाच्या तरी घरी देऊन टाकलं असतं. तुम्ही हातोडी पुढं केली तेव्हा मला रडू आलं, आणि तुम्हाला वाटलं मी तुमच्यासाठी रडते. मी आनंदानं रडत होते. त्या दिवशी एक वाक्य बोलले असते तर तुमचा हात तुम्हाला परत मिळाला असता. मग हातोडीही परत गेली असती. मी ती ठेवून घेतली.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, आणि कब्रस्तानात जाऊन वाचूनही दाखवणार नाही. तिथं तुमच्याजवळ बसून हे मोठ्यानं म्हटलं तर तुम्ही म्हणाल, "दे मग इकडे." आणि अब्बा, मी अजूनही द्यायची नाही.