साठ जणांनी दिलेला संदर्भ

८ एप्रिल २०२४

नकाशा झाला एकदाचा! सूक्ष्मजीवशास्त्राची चाळीस जर्नलं, पंधरा वर्षांचा काळ – कोणतं किती वाढलं, कोणी कोणाचा संदर्भ दिला. माझे गाइड माथुर सर खूश. म्हणाले, "साधनाजी, अब थीसिस दूर नहीं." चाळिशी ओलांडून पीएच.डी.ला बसलेल्या ग्रंथपाल बाईला एवढं पुष्कळ.

एकच जर्नल खटकतंय. चार वर्षांपूर्वी वर्षाला तीसेक लेख छापायचं. आता सहाशे! असं कोण वाढतं?

११ एप्रिल

खटकलं ते बरोबरच होतं. त्या जर्नलला बाहेरचं कोणी विचारतच नाही. दहा-बारा माणसं आहेत, हा त्याच्या लेखाचा संदर्भ देतो, तो याच्या. एकेकाचे आकडे बघावेत तर डोळे दिपतील! बाकीची जर्नलं एकमेकांत गुंतलेली, हे आपलं कोपऱ्यात, स्वतःभोवतीच गुंडाळलेलं.

उद्या नावं बघते.

१२ एप्रिल

विनयचं नाव आहे.

१३ एप्रिल

काल पुढे लिहवलं नाही. दोनदा ताडून पाहिलं – नाव तेच, युनिव्हर्सिटी तीच. माझाच नवरा.

सकाळी चहाच्या वेळी विचारलं. चिडेल वाटलं होतं. चिडलासुद्धा नाही. "सगळे करतात गं. प्रमोशनला संदर्भ मोजतात, लेख कोण वाचतंय?" दोनदा डावललंय त्याला, ते खरं. पण सोलापूरला असताना हाच माणूस जंतू वाढवायची एक प्लेट बिघडली तर सगळा प्रयोग पहिल्यापासून करायचा. मी डबा घेऊन लॅबच्या बाहेर बसायची.

मग म्हणाला, "तू ते एक जर्नल काढून टाक. चाळीसची एकोणचाळीस झाली तर कोणाचं काय बिघडतं?"

मी कप उचलून विसळायला गेले.

१९ एप्रिल

काढलं. सरांना सांगितलं, माहिती अपुरी होती. त्यांनी मान डोलावली, पुढचं बोलू लागले. इतकं सोपं!

२ मे

ऊन भाजून काढतंय. आमच्या विद्याधर नगरात दुपारभर वीज नव्हती, संध्याकाळी आली आणि कूलर लावतोय तोच विनयचा फोन वाजला. हात ओले म्हणून त्याने स्पीकरवर घेतला. सगळं ऐकलं मी.

महाराष्ट्रातल्या कुठल्याशा लहान सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर – वासंती नाव. आवाज थकलेला. "सर, मराठी नाव बघून बरं वाटलं. मोकळेपणी विचारता येईल." त्यांच्या नवजात बाळांच्या वॉर्डात एक जंतू शिरलाय, कुठल्याच औषधाला दाद देत नाही. विनयच्या लेखात आहे – दोन जुनी औषधं एकत्र दिली की तो मरतो. तीन बाळांना सुरू केलंय. फरक नाही.

"तुमच्याकडे शंभरातल्या नव्वद नमुन्यांवर लागू पडलं ना, सर? मग माझं कुठे चुकतंय?"

विनयने ओले हात शर्टाला पुसले.

"साठ जणांनी तुमचा संदर्भ दिलाय. तो आकडा बघूनच धीर केला."

साठ जण कसले, तीच दहा-बारा माणसं!

"मी... बघून सांगतो," म्हणाला आणि फोन ठेवला.

मी विचारलं, "किती नमुने तपासले होतेस?"

"नऊ."

"आणि बाकीचे?"

कूलरमध्ये पाणी भरायला निघून गेला. कूलर भरलेला होता.

३ मे

जे बोलू नये ते सगळं बोलले. तोही बोलला. शेवटी रडला – सासरे गेले तेव्हाही रडला नव्हता. "नोकरी जाईल, साधना. आपण कुठे जायचं?"

म्हटलं, "जाऊ कुठेही. आज त्यांना खरं सांग."

संध्याकाळी गच्चीवरून फोन करून खाली आला. "बोललो. सगळं सांगितलं." चेहरा उतरलेला. मी मुगाची खिचडी टाकली. दोन घास खाल्ले त्याने. पाठीवर हात ठेवला तर लहान मुलासारखा शहारला. किती दिवसांनी वाटलं, हा माझा माणूस आहे.

६ मे

ते जर्नल नकाशात परत घातलं. सरांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी लेखकांची यादी उघडली. "विनयजी भी?"

"हो," म्हटलं. मग लक्षात आलं – मी मराठीत बोलले! तरी त्यांना कळलं.

"दो दिन सोच लीजिए," म्हणाले.

आता विचार कसला करायचा? ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांना त्याने सांगितलंय. मी फक्त माझं काम नीट करतेय. घरी येऊन विनयला सांगितलं. "कर," एवढंच म्हणाला.

९ मे

विनय आंघोळीला गेलेला. त्याचा फोन वाजला – डॉ. वासंती. घेतला.

"मॅडम, सरांना सांगा, त्या दिवशी फोनवर त्यांनी सांगितलं तसा डोस वाढवला. तरी दोन बाळं गेली. तिसऱ्याला अजून वाढवू का?"

म्हटलं, "आधी ती औषधं थांबवा, डॉक्टर. तो लेख खोटा आहे."